धार चालू, तरी इंजिन गरम : एका आउटबोर्डच्या प्रकल्प नोंदी

बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड. ४० हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, एकावर एक. जुनं घेतलेलं, किती तास चाललंय याचा हिशोब कुणाकडेच नाही. पाणी खारं. तक्रार एकच: कधीतरी तापतं. रोज तापलं असतं तर या नोंदी लिहायची वेळच आली नसती. 'कधीतरी'नेच तीन आठवडे खाल्ले.

४ ऑक्टोबर

इंजिन मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांवर ठेवून जात होतो, पाण्यात मध्यम लाटा. २२ व्या मिनिटाला बझर वाजला आणि इंजिनाने स्वतःच फेरे खाली आणले. इंजिन वाचावं म्हणून केलेली ही सोय आहे. थ्रॉटल मागे घेतला, न्यूट्रलमध्ये चालू ठेवलं. तीनेक मिनिटांत बझर गप्प. पुन्हा वेग घेतला, दहा मिनिटांनी पुन्हा बझर. मग मुकाट्याने हळूहळू परतलो.

इंजिन गार करायला ओढलेल्या पाण्याची मागून पडणारी धार पूर्ण वेळ चालू होती. पहिल्या बझरच्या थोडं आधी मागे बसलेला भाचा म्हणाला, "मामा, धार बघ कशी जोरात मारतेय!" मी म्हटलं, "मग चांगलंच आहे की." हे वाक्य इथे मुद्दाम लिहून ठेवतोय, पुढे त्याचीच लाज वाटणार आहे.

किनाऱ्यावर आल्यावर इंजिन उचलून गिअरकेसच्या (पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाच्या) पाणी घेणाऱ्या जाळ्या पाहिल्या. प्लास्टिक नाही, शेवाळ नाही, शिंपले नाहीत. पिशवी चिकटली असेल तर इंजिन बंद करताच ओढ सुटते आणि ती निघून जाते, म्हणजे जाळी स्वच्छ दिसली म्हणून पिशवी नव्हतीच असं होत नाही. पण पिशवी अडकली की धार मरते. इथे मेली नव्हती.

५ ऑक्टोबर

आउटबोर्ड तापलं की सगळे इंपेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातलं पाकळ्यांचं चाक, बदलायला सांगतात. सल्ला चुकीचा नाही. रबराचा भाग आहे, झिजतो, वर्षा-दोन वर्षांनी बदलायचाच असतो. मीही तिथूनच सुरुवात केली.

गिअरकेस उतरवायचे दिसणारे सगळे बोल्ट काढले, गिअरचा दांडा सोडवला. केस तसूभर हलेना. आटे-बिटे गंजले असतील म्हणून तेल मारलं, लाकडी ठोकळा लावून हातोड्याने ठोकलं, दोन पटाशा घालून उचकटायला गेलो. कडेचा रंग उडाला, ॲल्युमिनियमला एक खळगा पडला. दीड तासाने कळलं की एक बोल्ट पंख्याच्या वरच्या त्या छोट्या तिरक्या पाकळीच्या (ट्रिम टॅबच्या) पोटात लपलेला असतो. टॅब काढायची, आत पाना घालायचा, संपलं. टॅब काढण्याआधी ती कोणत्या कोनात आहे त्याची पेन्सिलने खूण करा, नाहीतर नंतर बोट सुकाणूला एका बाजूला ओढते. ही खूण मात्र मी केली होती.

पंपाचं घर उघडलं. इंपेलरला सहा पाकळ्या. सहाही जागेवर, कुठे तडा नाही. एका बाजूला वाकून बसायची सवय लागली होती, एवढंच. पाकळ्या पूर्ण आहेत म्हणजे तुकडा तुटून वर गेलेला नाही, असा निष्कर्ष मी त्याच क्षणी काढला आणि डोक्यातून तो विषय पुसून टाकला. नोंदीतली सगळ्यात महागडी चूक हीच. ज्या इंपेलरकडे मी बघत होतो तो या इंजिनाचा पहिला इंपेलर नव्हता, हे तेव्हा सुचलंच नाही.

आतली मधली पितळी बुशी रबरापासून सुटली आहे का, तेही पाहिलं. तसं झालं तर शाफ्ट फिरतो आणि रबर जागच्या जागी घसरतं, तेही फक्त जास्त फेऱ्यांवर. बुशीवर आणि रबरावर मिळून मार्करने एक रेघ मारायची, पकडीने पीळ द्यायचा, रेघ तुटली तर इंपेलर गेला. तुटली नाही.

तरीही उघडलंच आहे तर नवा इंपेलर, त्याला शाफ्टवर धरणारी नवी चावी, सांध्यात बसणारं नवं गॅस्केट. बसवताना साबणाचं पाणी लावलं (ग्रीस नको, पेट्रोलजन्य ग्रीसने रबर फुगतं) आणि शाफ्ट इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने फिरवत पाकळ्या आत घेतल्या. वर जाणाऱ्या तांब्याच्या नळीचं रबरी बूच कडक झालं होतं, तेही बदललं. केस वर चढवताना ती नळी बुचात नीट शिरते आहे का हे टॉर्चने बघणं भाग आहे. चुकली तर अर्धं पाणी वाटेतच सांडतं.

वेळ: पाच तास. दीड तासाचं काम.

७ ऑक्टोबर

घरी गिअरकेसला रबरी कप लावून, नळाचं पाणी सोडून इंजिन २० मिनिटं चालवलं. एकदम शांत. खूष होऊन बोट पाण्यात टाकली. १९ व्या मिनिटाला बझर.

रबरी कपांवर केलेली चाचणी तापण्याच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी आहे. नळाचा दाब स्वतःच पाणी वर ढकलतो, पंप किती ओढतो ते कळतच नाही. वर इंजिनावर भार नाही, म्हणजे उष्णताही नाही. पंप तपासायचाच असेल तर पिंपात. पंखा काढून ठेवायचा आणि पाण्याची पातळी पंपाच्या वर ठेवायची. हे मी संध्याकाळी केलं. पंप उत्तम. आता निदान पंपाचं नाव यादीतून खोडता आलं.

८ ऑक्टोबर

इंजिन खरंच तापतंय, की बझर खोटं बोलतोय? हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा होता.

हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) वरच्या अंगाला उष्णतेचा स्विच आहे. थंड असताना उघडा, ठरावीक तापमानाला बंद होतो आणि बझरचा मार्ग जोडतो. त्याची वायर कुठे घासून ब्लॉकला (इंजिनाच्या धातूच्या धडाला) टेकली तरी बझर वाजतो, इंजिन थंडगार का असेना. वायर टोकापासून टोकापर्यंत पाहिली, शाबूत. स्विच काढला, पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याने असा लोंबकळवला की तळाला टेकणार नाही, मल्टिमीटर लावला आणि पाणी तापवत नेलं. ९० अंशांच्या आसपास जोडला गेला, गार होताना ७६ ला सुटला. स्विच खरं बोलतोय.

मग तापमान मोजायची पिस्तुलासारखी दिसणारी बंदूक (इन्फ्रारेड) आणली. पहिलं वाचन हेडवर ३८ अंश. हात लावला तर चटका बसला! उघडं, चकचकीत ॲल्युमिनियम या बंदुकीला फसवतं, ते आजूबाजूच्या वस्तूंची उष्णता परावर्तित करतं. दोन्ही सिलिंडरच्या डोक्यांवर काळ्या चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावला आणि तिथेच नेम धरला. बझर वाजल्यावर लगेच झाकण काढून, फिरत्या फ्लायव्हीलपासून हात आणि बाह्या लांब ठेवून घेतलेली वाचनं:

खालचा सिलिंडर ६२, वरचा ९१.

पंप कमी पडत असता तर दोन्ही तापले असते. एकच तापतोय. हा आकडा वहीत लिहिला आणि त्याचं महत्त्व न कळता पुढे गेलो.

९ आणि १० ऑक्टोबर

थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडून पाण्याला वाट देणारी झडप. झाकणाला ६ मिलिमीटरचे चार बोल्ट. पहिले दोन सुटले. तिसऱ्यावर पाना लावला, जरा जोर दिला आणि ती ओळखीची भावना हाताला आली. बोल्ट सुटताना देतो तो कुरकुरता झटका नव्हे, तर चघळलेल्या गोळीसारखा मऊ पीळ. थांबायला हवं होतं. थांबलो नाही. टोपी हातात आली.

उरलेल्या बोल्टची पाच मिलिमीटर दांडी झाकण काढल्यावर वर दिसत होती. लॉकिंग पकडीने धरून पिळली, तीही पृष्ठभागाला सपाट तुटली. मग ड्रिल. पोलादी बोल्ट कडक, भोवतालचं ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे ड्रिलचं टोक सरकून मऊ बाजूला शिरलं. भोक वाकडं झालं. शेवटी सगळं मोठं करून आत स्टीलच्या तारेची आटे असलेली स्प्रिंग, म्हणजे हेलिकॉइल, बसवावी लागली. एक अख्खा दिवस गेला.

चौथा बोल्ट मी असा काढला, आणि चारही असेच काढायला हवे होते. रात्री आत झिरपणारं तेल मारून ठेवलं. सकाळी तेल पुसून काढून गरम हवेच्या गनने बोल्ट नव्हे तर त्याच्या भोवतीचं ॲल्युमिनियम तापवलं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड ढिली होते. मग आधी आवळायच्या दिशेने केसभर, मग सोडायच्या दिशेने, पुन्हा आवळायच्या, पुन्हा सोडायच्या. दहा मिनिटं लागली. सुटला.

एवढं करून थर्मोस्टॅट निर्दोष निघाला. त्याच्या झडपेत दोऱ्याचं टोक अडकवून त्याला पाण्यात टांगायचं. झडप उघडली की तो आपोआप दोऱ्यावरून सुटून खाली पडतो, डोळे लावून बसावं लागत नाही. ५१ ला पडला. तीनदा केलं, तिन्ही वेळा एखाद्या अंशाच्या फरकाने तेच. खाऱ्या पाण्याच्या इंजिनात थर्मोस्टॅट असा लवकर उघडणारा असतो. पाणी जास्त तापू दिलं तर क्षार आतल्या भिंतींवर बसतात.

११ ऑक्टोबर

एका अनुभवी माणसाने सांगितलं, थर्मोस्टॅट काढूनच टाका, कटकट मिटेल. कायमचा उपाय म्हणून हे मला पटत नाही. इंजिन कायम गार राहतं, प्लग काळे पडतात, हळू चालताना थडथडतं. पण चाचणी म्हणून एक फेरी केली. ३१ व्या मिनिटाला बझर. म्हणजे अडथळा थर्मोस्टॅटच्या आधी कुठेतरी आहे. हाही आकडा वहीत गेला.

१३ ऑक्टोबर

आता संशय क्षारांवर. झाकण काढलं होतं तेव्हा आत पांढरी खरखरीत साय दिसलीच होती. नुसतं मीठ असेल तर ते गोड्या पाण्यात विरघळतं, ही साय चुन्यासारखी, तिला आम्ल लागतं. पांढरं व्हिनेगर बादलीत घेऊन छोट्या पंपाने थर्मोस्टॅटच्या जागेतून उलट्या दिशेने दोन तास फिरवलं. फेस आला, पाणी दुधाळ झालं, तळाला वाळूसारखा चुरा जमला. नंतर अर्धा तास गोडं पाणी. व्हिनेगर रात्रभर आत ठेवायचा मोह होतो, पण करू नका. क्षार संपले की ते ॲल्युमिनियमलाच लागतं.

संध्याकाळी पाणी आरशासारखं सपाट. साडेचार हजारांवर सलग ४५ मिनिटं. बझर नाही. खालच्या सिलिंडरचं तापमान चार अंशांनी उतरलेलं. 'जिंकलो', असं वहीत लिहिलंय. खोडलेलं नाही.

१४ ऑक्टोबर

वारा, लाटा. १२ व्या मिनिटाला बझर.

आजवरची सर्वांत लवकरची वेळ. परतताना दोघंही काही बोललो नाही.

१५ ऑक्टोबर

काही उघडलं नाही. चहा घेऊन वही वाचत बसलो. सगळ्या फेऱ्या एकाखाली एक लिहिल्या आणि वहीत प्रत्येक फेरीला पाणी कसं होतं तेही होतं, ते त्यांच्या शेजारी मांडलं.

४ तारीख: मध्यम लाटा, २२ मिनिटं.
७ तारीख: मध्यम लाटा, १९ मिनिटं.
११ तारीख: किरकोळ लाटा, ३१ मिनिटं.
१३ तारीख: सपाट, बझर नाही.
१४ तारीख: जोराच्या लाटा, १२ मिनिटं.
पिंप आणि रबरी कप: कधीच नाही.

इतके दिवस मी 'कधीतरी' म्हणत होतो, तो प्रकार चक्क आदळआपटीला धरून होता. जेवढी बोट आपटते, तेवढं लवकर तापतं.

आदळण्याने काय बदलतं? एक, पाणी घेणाऱ्या जाळ्या क्षणभर हवेत जातात आणि पंप हवा ओढतो. दोन, कुठलीतरी वायर हलते. तीन, आत काहीतरी सुटं आहे आणि ते उडतं. वायर तपासून झाली होती. हवेचं बघायला धारेच्या नळीचा फूटभर तुकडा काढून तिथे पारदर्शक नळी लावायचं ठरवलं. पाण्यात बुडबुडे असतील तर दिसतीलच. त्यातून हेडचं गॅस्केटही तपासलं जातं. ते फुटलं असेल तर जळालेला वायू पाण्याच्या वाटेत घुसतो आणि भाराखाली बुडबुड्यांची रांग लागते.

आणि मग पहिल्या पानावर भाच्याचं वाक्य दिसलं. धार जोरात मारतेय.

या इंजिनात धारेची नळी कुठून निघते ते मी तोवर पाहिलंच नव्हतं. जाऊन पाहिलं. पाणी तांब्याच्या नळीतून वर येऊन ब्लॉकमध्ये शिरतं, तिथल्याच एका तोटीतून ती निघते. हेडपर्यंत पाणी पोहोचायच्या आधी. म्हणजे धार फक्त पंपाची हजेरी लावते. हेडला पाणी मिळतंय की नाही याच्याशी तिचा काही संबंध नाही. उलट पुढची वाट तुंबली तर पाणी जाणार कुठे? धारेतून. धार वाढणार!

(सगळ्या इंजिनांत ती इथूनच निघते असं नाही. काहींत ती हेडच्या बाजूने येते. आपल्या इंजिनात ती नळी बोटाने मागे-मागे जाऊन पाहा. दोन मिनिटं लागतात. मला अकरा दिवस लागले.)

१६ आणि १७ ऑक्टोबर

तयारी. धारेच्या तोटीवर टी-जोड बसवला, त्याच्या एका तोंडाला दाब दाखवणारा छोटा गेज, दुसऱ्या तोंडाला पारदर्शक नळी आणि पुढे नेहमीची धार. गेजची नळी झाकणाखालून बाहेर काढून सुकाणूपाशी आणली. दोन्ही सिलिंडरच्या डोक्यांवर बोल्टच्या वायसरखाली तापमान मोजणारं एकेक थर्मोकपल अडकवलं, तारा बाहेर. आता चालत्या इंजिनाचं झाकण काढायची गरज नाही.

कॉम्प्रेशनही (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजलं: वरचा दर चौरस सेंटिमीटरला ८.० किलो, खालचा ८.१. दोन्ही सारखे, म्हणजे पिस्टन-रिंगा अजून भाजलेल्या नाहीत. दोन आठवडे बझर ऐकत फिरूनही इंजिन वाचलं, ते बझर वाजताच दर वेळी थ्रॉटल सोडला म्हणून.

तर्क असा होता. तापमान चढतंय आणि दाब पडतोय, तर दोष गेजच्या आधी: जाळी, पंप, नळी, हवा. तापमान चढतंय आणि दाबही चढतोय, तर पुढे कुठेतरी वाट बंद आहे. काही इंजिनांत दाब वाढला की उघडणारी एक स्प्रिंगची झडपही असते आणि तिच्यात वाळूचा कण अडकला तरी असेच घोळ होतात. या इंजिनाला ती नाही.

१८ ऑक्टोबर

मुद्दाम लाटांचा दिवस निवडला. भाचा वही घेऊन गेजसमोर, मी सुकाणूवर.

पहिली पंधरा मिनिटं: दाब ०.८ किलो, वरचा ६१, खालचा ५८. पारदर्शक नळीत एकही बुडबुडा नाही.

१६ वं मिनिट, एक मोठी आपट. भाचा ओरडला, "मामा, काटा उडाला!" दाब सरळ १.१ वर. हळूहळू चढला नाही, टुणकन उडी मारून गेला आणि तिथेच थांबला. धार लगेच जोरात. तापमानं अजून तशीच, ६१ आणि ५८. मग वरच्याचा आकडा सरकायला लागला: ६६, ७२, ७९, ८६. खालचा ६० च्या वर गेलाच नाही. काटा उडाल्यापासून साडेतीन मिनिटांनी, वरचा ९१ असताना बझर.

थ्रॉटल पूर्ण मागे घेतला. दाब पडला, वरचा उतरायला लागला. चार मिनिटांनी पुन्हा साडेचार हजारांवर नेलं, दाब ०.८.

आत काहीतरी सुटं आहे, आपटल्यावर वर उडतं, पाण्याच्या ओढीने भोकावर जाऊन बसतं, ओढ कमी झाली की खाली पडतं. बाटलीत अडकलेल्या बुचासारखं.

१९ आणि २० ऑक्टोबर

हेड उघडायचं ठरलं. बोल्ट गरम करून, मागे-पुढे हलवत, एकही न तोडता. दोन तास फक्त बोल्टांना. हेड सोडताना बोल्ट बाहेरून आत, क्रमाक्रमाने थोडे थोडे ढिले केले, नाहीतर हेड वाकू शकतं.

गॅस्केट सोलून काढलं. हेडकडे जाणारी पाण्याची भोकं दिसली. वरच्या सिलिंडरभोवतीचं एक भोक नीट पाहिलं तर त्याच्या काठावरची पांढरी साय एका बाजूला घासून गुळगुळीत झालेली होती. तिथे काहीतरी पुन्हा पुन्हा टेकत होतं. आत टॉर्च मारला. ब्लॉकच्या पाण्याच्या कप्प्यात काही नाही. वाकड्या तारेने खालचा कोपरा चाचपला, तार काहीतरी मऊ वस्तूला लागली. लांब चोचीच्या पकडीने तिसऱ्या प्रयत्नात ती वस्तू बाहेर आली.

इंपेलरच्या पाकळीचा तुकडा. करंगळीच्या नखापेक्षा जरा मोठा, काळा, उष्णतेने एका बाजूला चकाकी आलेला, दुसऱ्या बाजूला क्षारांचा पातळ थर. जाड कड एकीकडे, पातळ दुसरीकडे. त्या जाड कडेवर भोकाच्या काठाची अर्धगोल खूण उमटलेली होती. बाटलीच्या बुचावर दात लागतात तशी.

मी काढलेला जुना इंपेलर फेकला नव्हता. पुन्हा आणून पाहिला. सहाच्या सहा पाकळ्या. म्हणजे हा तुकडा त्याच्याही आधीच्या इंपेलरचा. कुणीतरी कधीतरी तुटका इंपेलर काढला, नवा घातला आणि तुटलेलं गेलं कुठे हे शोधलं नाही. त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. मीही पाकळ्या मोजून निर्धास्त झालोच होतो.

बाकीचा कप्पा तारेने, हवेने आणि पाण्याने उलटसुलट झाडला. थोडा क्षारांचा चुरा निघाला, रबर आणखी नाही.

२२ ऑक्टोबर

जोडणी. हेडवर पोलादी पट्टी आडवी-उभी-तिरकी ठेवून खालून फीलर गेजची (फट मोजायची) पाती घालून पाहिली. वाकलेलं नाही. नवं गॅस्केट उलटंही बसतं आणि बसल्यावर ठीकही दिसतं, फक्त पाण्याची दोन भोकं झाकली जातात. एक तापण्याचं कारण काढून दुसरं बसवायच्या बेतात होतो. भोकांवरून प्रकाश आरपार दिसतो का ते पाहूनच पुढे जा.

एक चूक मात्र झालीच. बोल्टांची भोकं खालून बंद आहेत आणि धुताना दोनांत पाणी साचलं होतं. बोल्ट पाण्यावर टेकला, टॉर्क पाना (ठरलेल्या जोराला पोहोचल्यावर आवाज देणारा) 'कट्' वाजला, पण हेड दाबलंच गेलं नव्हतं. कडेला गॅस्केटखाली फट दिसली म्हणून कळलं. सगळे काढून, भोकं कापूस गुंडाळलेल्या काडीने आणि हवेने कोरडी केली, आट्यांना सागरी ग्रीसचं बोट फिरवलं, मधून बाहेर अशा क्रमाने दोन टप्प्यांत पुन्हा आवळलं. गॅस्केट थोडं दाबलं गेलं होतं, म्हणून दुसरं नवं घातलं. एक गॅस्केट आणि तीन तास वाया.

थर्मोस्टॅट परत जागेवर.

२५ ऑक्टोबर

लाटा १४ तारखेसारख्याच, मुद्दाम. ५५ मिनिटं साडेचार हजारांवर, शेवटची पाच पूर्ण थ्रॉटल.

दाब ०.७ ते ०.८, पूर्ण थ्रॉटलला ०.९. वरचा ५९, खालचा ५८. आपटलं की काटा थरथरतो आणि जागेवर येतो. धार पहिल्यापेक्षा किंचित बारीक आहे. भाच्याला ती आवडली नाही.

९ नोव्हेंबर

आजवर चौदा तास चालवलं, बझर एकदाही नाही. गेज मात्र काढलेला नाही. सापडलेला तुकडा एका पाकळीच्या अर्ध्याहून थोडा कमी आहे, आणि पाकळीचा उरलेला भाग पाण्याबरोबर बाहेर पडला की अजून एखाद्या कोपऱ्यात बसलाय, ते हेडकडच्या बाजूने दिसत नाही. तिथे जायला एक्झॉस्टचं झाकण काढावं लागेल, आणि त्याला बावीस बोल्ट आहेत. काटा उडेल त्या दिवशी काढीन. भाच्याला सांगून ठेवलंय, धारेकडे नको, काट्याकडे बघ.